कर्ता गाळावा

इंग्रजी व्याकरणाशी माझे वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट त्याच्याच कृपेने मी आज बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो आहे. नाहीतर बाहेरच्या बाजूला पासबुक हातात घेऊन उभा असतो. हुद्दा क्लार्कचा. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे म्हणतात, पण त्यामुळे रांग कमी झालेली नाही. बँकेच्या परीक्षेत आकडेमोड बहुतेकांना येते. माणसे गळतात ती इंग्रजीच्या पेपरात. तिथे एक उतारा असतो. त्यातले मधलेमधले शब्द उंदराने कुरतडल्यासारखे नाहीसे झालेले असतात आणि प्रत्येक भोकाखाली चार-पाच पर्याय असतात. याला क्लोज टेस्ट म्हणतात. मी दहापैकी नऊ भोके बुजवली आणि नोकरीला चिकटलो. तो उतारा कशाविषयी होता हे मला तेव्हाही कळले नाही, आजही ठाऊक नाही. मधमाश्यांविषयी असावा, किंवा जागतिक व्यापाराविषयी. 'डिक्लाइन' हा शब्द दोन्हीकडे येतो.

तेव्हा आज मी जे लिहिणार आहे ते खाल्ल्या मिठाला जागणारे नाही, हे कबूल.

आमची कन्या आठवीत आहे, सेमी-इंग्रजीत. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल मराठीत, आणि घरी बोलणी खायची ती दोन्ही भाषांत. तिचे व्याकरण कच्चे आहे असा निकाल क्लासच्या सरांनी दिला आणि एक अभ्यासपुस्तिका आणायला सांगितली. सौ.ने ती त्याच दिवशी आणली. (मी घरात बल्ब आणायला चार दिवस लावतो, ही तुलना त्या दिवशी दोनदा झाली.) पुस्तिकेची कल्पना मला फार आवडली. डाव्या पानावर एक छोटासा उतारा, इतिहासातला किंवा रोजच्या जगण्यातला. चहा कुठून आला, लंडनला आग कशी लागली, छत्री कुणी वापरात आणली, कोलंबस, सँडविच, कापूस. उजव्या पानावर त्याच उताऱ्यावरचा व्याकरणाचा सराव: गाळलेल्या जागा भरा, काळ ओळखा, प्रयोग बदला.

आमच्या लहानपणी हे लाड नव्हते. मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आले, तोवर आम्ही मिशा फुटून मोकळे झालो होतो. घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एक खिळखिळा भाग होता, तो पुरवून पुरवून वाचायचा. त्यातली वाक्ये एकमेकांना ओळखत नसत. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या उतारूंसारखी नुसती शेजारीशेजारी बसलेली. एका वाक्यातला राजा पुढच्या वाक्यात येईल असा भरवसा नाही. त्या मानाने या उताऱ्यांतली वाक्ये म्हणजे नांदते कुटुंब. पहिल्या वाक्यात पेरलेला चहा शेवटच्या वाक्यापर्यंत उकळतो. मी मनात म्हटले, पोरीला व्याकरणाबरोबर जगाचा इतिहास फुकट. बँकेच्या माणसाला फुकट या शब्दाचे काय वाटते ते बाहेरच्यांना कळायचे नाही.

पहिल्याच दिवशी कन्येने चहाचा उतारा चार मिनिटांत उडवला. दहापैकी दहा. मी कौतुकाने विचारले, "काय होतं गं उताऱ्यात?"

"चहा."

"चहाचं काय?"

"चहाचं पॅसिव्ह."

मला वाटले चेष्टा करते आहे. नव्हती. मी जरा खोदून विचारले तेव्हा तिने मलाच समजावले, "बाबा, उतारा वाचायचा नसतो. रिकाम्या जागेच्या आधीचा शब्द बघायचा आणि नंतरचा बघायचा. मधे 'वॉज' आणि पुढे 'बाय' आलं की तिसरं रूप. सगळं वाचत बसलं तर वेळ जातो."

हे सगळे मी ऐकून घेतले, कारण माझी नोकरी याच मार्गाने लागली होती. पण त्या दिवशी काहीतरी खटकले ते खटकलेच. आमच्या शाखेत सर्व्हर अधूनमधून डाऊन होतो. ग्राहक त्याला शिव्या देतात. मी मात्र त्या वेळात वाचन करतो. अशाच एका डाऊनमध्ये मला कळले की क्लोज हा प्रकार विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९५३ साली काढला, आणि तो विद्यार्थ्यांची परीक्षा घेण्यासाठी काढलेलाच नव्हता. लिहिलेला मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजायला काढला होता. शब्द गाळायचे, वाचकांना भरायला द्यायचे. जितके जास्त जमतील तितका मजकूर सुबोध. म्हणजे मूळ कल्पनेत परीक्षा उताऱ्याची होती हो! नापास व्हायचे तर उताऱ्याने व्हायचे. पुढे शिक्षणखात्यांच्या आणि परीक्षामंडळांच्या हातात ती सापडली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पोरे उभी राहिली. उतारा सुटला तो सुटलाच. तेव्हापासून त्याला कुणी काही विचारत नाही.

म्हणून मी ठरवले की आपण विचारू. आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर मी ती पुस्तिका घेऊन बसलो. सौ.ला वाटले मी प्रमोशनच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. तिने दोनदा न मागता चहा दिला. मी खुलासा केला नाही.

कोलंबसापासून सुरू करतो. उतारा सांगतो की १४९२ साली कोलंबसाने पृथ्वी गोल आहे हे सिद्ध केले. कोलंबसच्या आधी जवळजवळ सतराशे वर्षे एराटोस्थेनिस नावाचा ग्रीक पृथ्वीचा घेर मोजून बसला होता. आपल्या आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी गोल असल्याचे लिहून ठेवले. कोलंबसच्या काळातल्या शिकल्यासवरल्या माणसांना ती गोल असल्याचे ठाऊक होतेच. वाद होता तो आकाराचा. कोलंबसने ती आहे त्यापेक्षा बरीच लहान धरली होती, आणि वाद घालणाऱ्यांचे बरोबर होते. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून बापडा वाचला. सपाट पृथ्वीवाल्यांशी झुंजणारा कोलंबस लोकांच्या डोक्यात पक्का बसवला तो मुख्यतः वॉशिंग्टन आयर्व्हिंग या अमेरिकन लेखकाने, १८२८ च्या एका चरित्रात.

आता या उताऱ्यावरचा प्रश्न बघा. 'कोलंबस प्रूव्ह्ड दॅट द अर्थ (बी) राउंड.' कंसातल्या क्रियापदाचे योग्य रूप लिहा. उत्तर: 'इज'. कारण त्रिकालाबाधित सत्य असेल तर मुख्य क्रियापद भूतकाळी असूनही वर्तमानकाळच वापरावा, असा नियम आहे. पोरांनी 'इज' लिहायचे, एक गुण घ्यायचा. त्रिकालाबाधित सत्याचा नियम शिकवायला एवढे सोयीचे त्रिकालाबाधित असत्य दुसरे मिळाले नसते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला पहिल्या वर्षाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवतात. ट्रायल बॅलन्स जुळला, नावे आणि जमा दोन्ही बाजूंची बेरीज तंतोतंत एक आली, म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नये. काही चुका अशा असतात की बेरजेत दिसतच नाहीत. नोंद भलत्याच माणसाच्या खात्याला झाली, बेरीज जुळते. एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली, बेरीज जुळते. आणि सगळ्यात वाईट, एखादा व्यवहार मुळात वहीत लिहिलाच नाही, तरीही बेरीज जुळते. या शेवटच्या प्रकाराला एरर ऑफ ओमिशन म्हणतात. आमचे प्राध्यापक तेव्हा खडू टेबलावर आपटून सांगत की वही जुळली की झोपणारा हिशेबनीस मालकाला बुडवतो. या पुस्तिकांचे हेच झाले आहे. व्याकरणाची वही जुळते. कर्ता एकवचनी, क्रियापद एकवचनी, टोटल बरोबर, खाली लाल बरोबरची खूण. आत काय पोस्ट केले आहे ते कुणी बघत नाही.

चहाचेच घ्या, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा. 'टी वॉज डिस्कव्हर्ड बाय एम्परर शेन नुंग इन २७३७ बी.सी.' शेन नुंग हा चिनी दंतकथेतला राजा. त्याच्या उकळत्या पाण्यात झाडाची पाने उडून पडली, ही गोष्ट छान आहे, पण ती गोष्ट आहे. इथे मात्र थेट साल! कोणत्या तिमाहीत एवढेच द्यायचे राहिले. मग बॉस्टन बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात 'टाकल्या गेल्या', आणि शेवटी: 'टी वॉज ब्रॉट टू इंडिया बाय द ब्रिटिश.' संपला उतारा.

आसामच्या जंगलात चहाचे झाड ब्रिटिशांच्या आधीपासून उभे होते आणि तिथले सिंगफो लोक त्याची पाने वापरत होते. रॉबर्ट ब्रूस या साहेबाला १८२३ साली ते त्यांच्याकडूनच कळले. असो, तेही सोडून देऊ. पण चीनहून जहाजे भरभरून चहा लंडनला जात होता, तो काही चीनने स्नेहापोटी दिला नव्हता. दुहेरी नोंद पद्धतीत काही आत आले तर बदल्यात काय बाहेर गेले हे लिहावेच लागते. आधी चांदी जाई. चांदी परवडेना, तेव्हा हिंदुस्थानात पिकवलेली अफू चीनमध्ये खपवायची आणि त्या पैशाचा चहा घ्यायचा, अशी युक्ती निघाली. चीनने १८३९ साली अफूचा साठा नष्ट केला. त्यावरून लढाई झाली, ती १८४२ पर्यंत चालली आणि हाँगकाँग ब्रिटिशांच्या पदरात पडले. त्या अफूतली माळव्याची बरीचशी मुंबई बंदरातून गेली. सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची संपत्ती या चीनच्या व्यापारातली, आणि त्यातूनच पुढे रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली. यात त्यांच्या दानाला उणेपणा येत नाही. जे. जे. रुग्णालयात आमच्या घरची तीन बाळंतपणे झाली आहेत, मी कोणत्या तोंडाने बोलू? पण डोंबिवलीच्या मुलीला चहाचा इतिहास सांगताना बॉस्टनच्या पेट्या मोजून द्यायच्या आणि मुंबईच्या पेट्यांचे नावच काढायचे नाही, याला मी एरर ऑफ ओमिशन म्हणतो.

हे सगळे घेऊन मी क्लासच्या सरांकडे गेलो. तरुण माणूस, हुशार, मुलांचा लाडका. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "सर, हा इंग्रजीचा पॅसेज आहे. इतिहास इतिहासाच्या पेपरात. मुलांना इथे फक्त व्हॉइस बघायचाय."

"अहो, पण मजकूर चुकीचा आहे!"

"पण ग्रामर करेक्ट आहे ना? तुम्ही बँकेत दिवसभर नोटा मोजता. प्रत्येक नोटेवर गांधीजी असतात. मोजताना तुम्ही गांधीजींचा विचार करता का?"

मी गप्प. खरोखरच निरुत्तर झालो आणि दार ओढून घेऊन बाहेर पडलो. परतताना रिक्षात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे मला उत्तर सुचले: गांधीजींचा विचार करत नसेन, पण नोट खोटी तर नाही ना हे बघतो! रिक्षा वळवायला सांगणार होतो, पण मीटर पाहून विचार रहित केला.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना मी माझी कैफियत सांगितली, तेव्हा त्यांनी सरांचीच बाजू घेतली. सुट्या वाक्यांपेक्षा उताऱ्यातून व्याकरण लवकर मुरते, मुले एकदा वाचायला लागली की चुकीचे आपोआप दुरुस्त करतात, वगैरे. पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्या भागात 'वाचायला लागली की' हे शब्द आहेत, तिकडे मी त्यांचे लक्ष वेधले. मुलांना वाचायचे नाही असेच तर शिकवले जाते आहे. आधी आणि नंतरचा एक शब्द बघायचा, मधे रूप घालायचे. फाटक ओलांडताना डावीकडे-उजवीकडे बघतात तसे.

आणि आता त्या नियमाकडे येतो, ज्यासाठी मी लेखणी उचलली.

पुस्तिकेत प्रयोग बदलण्याच्या पाठात चौकटीत एक सूचना आहे. तिचा मराठी मथितार्थ असा: क्रिया करणारा अज्ञात, उघड किंवा बिनमहत्त्वाचा असेल तर पॅसिव्हमध्ये त्याचा उल्लेख गाळावा. व्याकरण म्हणून यात काही चूक नाही. रस्ता रुंद केला, पत्र टपालात टाकले, कोण विचारतो कुणी? पण बिनमहत्त्वाचा आहे हे ठरवायचे कुणी? तेही गाळलेले आहे.

बँकेत आमचा सगळा जन्म या प्रयोगात जातो. वरून परिपत्रक येते: 'इट हॅज बीन डिसायडेड.' कुणी ठरवले ते विचारायची सोय नाही. बदलीचा हुकूम पॅसिव्हमध्ये, वेतनवाढ रोखल्याचे पत्र पॅसिव्हमध्ये. ॲक्टिव्हमध्ये फक्त मेमो येतो, कारण त्यात कर्ता मी असतो. परवा एक आजी फोन घेऊन काउंटरवर आल्या. मेसेज होता, 'युअर अकाउंट हॅज बीन डेबिटेड', सतरा रुपये सत्तर पैसे. मी म्हटले, "आजी, एसएमएसचे पैसे कापले गेलेत."

"कुणी कापले?"

"सिस्टीमने."

"तिला बोलाव."

सोळा वर्षांच्या नोकरीत मला इतका बिनतोड व्याकरणाचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि याचसाठी मराठीचे मला कौतुक वाटते. आपला कर्मणी प्रयोग कर्त्याला तृतीयेत ढकलतो पण घराबाहेर काढत नाही: 'मांजराने दूध प्यायले.' मांजर जागेवर आहे, मिशा पुसते आहे. 'दूध प्यायले गेले' ही रचना इंग्रजीच्या धर्तीवर नंतर रूढ झाली. व्याकरणाच्या पुस्तकांत तिला नवीन कर्मणी म्हणतात. नवीन मालाबरोबर येणारी सोयही आली: मांजर गायब. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत 'करण्यात आले आहे', 'घेण्यात येईल' हेच आता चालते. भावे प्रयोगाबद्दल तर बोलायलाच नको. त्यात क्रियापद कर्त्याचेही ऐकत नाही आणि कर्माचेही ऐकत नाही. तो आमच्या शाखेतल्या शिपायावरून सुचला असावा.

लंडनच्या आगीचा उतारा वाचल्यावर तर मला झोप आली नाही. पुस्तिकेत एवढेच आहे की २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग 'लागली' आणि सुमारे १३,२०० घरे 'नष्ट झाली'. आग आपोआप लागते, घरे आपोआप नष्ट होतात, क्रियापदांचा सराव होतो. पण त्या वेळच्या लंडनकरांना कर्ता हवा होता, आणि लगेच हवा होता. रॉबर्ट ह्यूबर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने, डोके ठिकाणावर नसलेल्या माणसाने, आग आपण लावली असा कबुलीजबाब दिला. आरोपपत्रावर सह्या करणाऱ्यांत बेकरीवाल्याच्या घरचीच माणसे होती. ऑक्टोबरात त्याला फाशी दिले. मग कळले की आग लागली तेव्हा तो लंडनात नव्हताच. दोन दिवसांनी आला होता. पुढे आगीच्या स्मारकावर १६८१ साली कॅथलिकांना दोष देणारा मजकूर कोरला, तो १८३० साली खोडला. जवळजवळ दीडशे वर्षे दगडावर चुकीचा कर्ता! व्याकरणाच्या दृष्टीने तो मजकूरही निर्दोषच असणार. कर्ता गाळला तर काय होते आणि भलताच घातला तर काय होते, हे आठवीच्या मुलांना सांगायला याहून चांगला उतारा कुठे मिळणार होता? आणि तो हाताशी असताना आम्ही 'स्टार्ट'चे 'स्टार्टेड' करून पुढच्या पानावर गेलो.

पुढच्या पानावर कापूस होता.

त्या संध्याकाळी कन्या उच्चारांसाठी उतारा मोठ्याने वाचत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाटेवर पडून डोळे मिटून ऐकत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण 'बॉम्बे' आणि 'मिल' हे शब्द एकापाठोपाठ आल्यावर त्यांनी डोळे उघडले. "काय लिवलंय गं गिरणीचं? मराठीत सांग."

तिने सांगितले. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी डावर यांनी काढली. मग पुष्कळ गिरण्या निघाल्या. मग १९८० नंतर गिरण्या बंद केल्या गेल्या आणि त्या जागी मॉल आणि उंच इमारती बांधल्या गेल्या. आता तिथे लोक आनंदाने खरेदी करतात. (हे शेवटचे वाक्य साध्या वर्तमानकाळासाठी होते.)

"कुणी?" अण्णा म्हणाले.

"काय कुणी?"

"बंद कुणी केल्या?"

"आजोबा, ते दिलं नाहीये. एजंट महत्त्वाचा नसला की गाळायचा असतो. रूल आहे."

अण्णा उठून बसले. "काढणाऱ्याचं नाव दिलंय न्हवं?"

"हो. बाय कावसजी डावर."

"मग बंद करणाऱ्याचं?"

कन्येने माझ्याकडे पाहिले. मी पुस्तिकेकडे पाहिले. वाक्य निर्दोष होते.

अण्णा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली, त्यांत ते एक. मी दोन वर्षांचा होतो. मला भोंगा आठवत नाही, तो बंद झाल्यावरची शांतताही आठवत नाही. मला आठवते ती दादरच्या मंडईबाहेरची भाजीची पाटी, आणि आई दुसऱ्यांकडे पोळ्या लाटायला जायची ते. पुढे अण्णा एका सोसायटीत वॉचमन झाले. गिरणी सुटली, रात्रपाळी सुटली नाही. मराठीत घर चालवणाऱ्या माणसालाही कर्ताच म्हणतात. आमच्या घरातला कर्ता त्या वर्षी गाळला गेला, तरी वाक्य कसेबसे पुरे झाले, आईने केले.

मी काही सगळा दोष एकाच्या माथी मारणार नाही. गिरण्या का बंद पडल्या यावर जाडजूड पुस्तके आहेत. मालक होते, ज्यांना कापडापेक्षा जमीन फायद्याची झाली होती. भिवंडीचे यंत्रमाग होते, जिथे काम केव्हाच जाऊ लागले होते. पुढारी होते, मंत्री होते, जुन्या यंत्रांवर पैसा न घालणारी व्यवस्थापने होती. १९९१ साली गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करण्याचा नियम झाला, एक महापालिकेला, एक घरांसाठी, एक मालकाला; २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणीला फक्त मोकळी जमीन उरली. म्हणजे कर्ते पुष्कळ होते, आणि त्यांतले बरेच जण सही करताना तारीख घालत होते. अज्ञात तर नव्हतेच. उघडही नव्हते, नाहीतर अण्णांनी विचारले नसते. राहता राहिले बिनमहत्त्वाचे.

मी कन्येला म्हटले, उद्यापासून आधी उतारा वाचायचा, मला मराठीत सांगायचा, आणि जिथे जिथे कर्ता गाळला असेल तिथे समासात प्रश्नचिन्ह करायचे. मग गाळलेल्या जागा. तिने कुरकुर केली, कारण चार मिनिटांच्या कामाला आता अर्धा तास लागतो. अण्णांना मात्र हा उद्योग पसंत पडला. ते रोज संध्याकाळी खाटेवर तयार असतात. छत्रीचा उतारा झाला, सँडविचचा झाला. सँडविच हे अर्लच्या नावाने ओळखले जाते, पण पाव भाजला कुणी, असे त्यांनी विचारले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मागच्या आठवड्यात 'सिन्स' आणि 'फॉर' आले. नियम सोपा: भूतकाळात सुरू झालेली क्रिया अजून चालू असेल तर 'हॅज बीन' लावायचे. स्वतःचे एक वाक्य बनवा. कन्या पेन्सिल चावत बसली. तिने आजोबांना विचारले, खूप आधी सुरू झालेली आणि अजून न संपलेली एखादी गोष्ट सांगा.

"आमचा संप," अण्णा म्हणाले. "मागं घेतला असं कुणी जाहीर केलंच न्हाई अजून."

तिने माझ्याकडे पाहून घेतले आणि लिहिले: 'द स्ट्राइक हॅज बीन गोइंग ऑन सिन्स १९८२.'

वही काल क्लासमधून परत आली. वाक्यापुढे सरांची लाल बरोबरची खूण आहे.